पाऊल, तळवा आणि तळ

मराठी भाषेने पायांना मोठा मान दिला आहे. वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवावयाचे, सुनेच्या पावलांनी लक्ष्मी घरी यावयाची, बाळाचे पाय पाळण्यात पाहून त्याचे भविष्य वर्तवावयाचे आणि गौरी आणताना उंबरठ्यापासून देवघरापर्यंत पावले रेखावयाची, ही आपली रीत आहे. पायांखाली जे वागवावे लागते त्याच्या वाट्याला मात्र आपल्याकडे अवहेलनाच आली. 'उपानह्' या संस्कृत शब्दाची वहाण झाली, 'पादत्राणा'चे पायताण झाले. आणि त्या पायताणाचे नाव आपण काढतो ते बहुधा कोणास धमकी द्यावयाची असली म्हणजे. एका भरताने तेवढ्या पादुका सिंहासनावर ठेविल्या. बाकी सर्व जोडे उंबऱ्याबाहेर.

त्यातही जोड्याच्या वरच्या बाजूकडे, म्हणजे पट्टा, वेणी, गोंडा आणि चकाकी यांकडे, घेणाऱ्याचे लक्ष जाते. तळ कोणी पाहत नाही. दुकानात जोडा उलटा करून पाहणारे गिऱ्हाईक आम्हांस शंभरात पाच आढळले असेल, आणि तेही तळाला चिकटविलेली किंमत वाचण्यापुरते. चर्मकार बंधू त्याला 'सोल' म्हणतात, आपणही तेच म्हणतो. प्रस्तुत लेखात सोयीसाठी पायाचा तो तळवा आणि जोड्याचा तो तळ असा भेद आम्ही करीत आहोत.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते सातासमुद्रापलीकडे, कॅनडात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याच्या पत्राने. तेथील हिवाळ्यात तो बर्फावरून घसरत जाण्याचा स्कीचा खेळ शिकत आहे. त्याने लिहिले, "सर, डोंगरावरून खाली येणे जमू लागले आहे, पण गाडीपासून त्या डोंगराच्या पाळण्यापर्यंत स्कीचे बूट घालून चालत जाणे मात्र अद्याप जमत नाही." आम्ही इंदूरचे रहिवासी. बर्फ आम्हांस ठाऊक तो सराफ्यातल्या गोळ्याचा. परंतु हे वाक्य मनात घर करून राहिले. ज्या बुटाने मनुष्य ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने उतार उतरतो, त्याच बुटाने त्याला सपाट जमिनीवर शंभर पावले टाकता येऊ नयेत, हे कोडे काय आहे?

त्यासाठी आधी चालणे म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. आपण पाऊल टाकतो तेव्हा प्रथम टाच टेकते, मग सारा तळवा भुईला लागतो, मग टाच उचलली जाते आणि देहाचा भार चवड्यावर येतो. 'चवडा' हा आपल्या भाषेतला किती नेमका शब्द आहे! बोटांच्या मुळाशी असलेला तो रुंद, मांसल भाग. शेवटी बोटे मुळाशी वाकतात आणि चवडा जमिनीस मागे रेटून देहाला पुढे ढकलतो. त्या क्षणी एकट्या चवड्यावर देहाच्या वजनाहूनही थोडा अधिक भार असतो. म्हणून जोड्याच्या तळाने दोहोंपैकी एक गोष्ट केलीच पाहिजे. एक तर चवड्यापाशी बोटांबरोबर वाकले पाहिजे. किंवा वाकावयाचे नसेल तर पुढून वर उचललेल्या नावेच्या तळासारखा बाक घेऊन पावलाला टाचेपासून अंगठ्यापर्यंत लवंडू दिले पाहिजे. जो तळ वाकतही नाही आणि लवंडतही नाही, तो घालून मनुष्य चालत नाही, पावले उचलून ठेवीत जातो. खडावा घालून चालणारे बुवा आठवावेत. खडावेचे लाकूड वाकत नाही. म्हणून अंगठा व शेजारचे बोट यांमध्ये खुंटी धरून पाऊल सबंधच्या सबंध उचलावे आणि सबंधच ठेवावे लागते. तो धीरगंभीर खट् खट् आवाज वैराग्याचा नव्हे, ताठ तळाचा आहे, असे म्हटले तर कोणी रागावू नये.

स्कीचा बूट ही एक प्रकारची खडावच. फार पूर्वी तसे नव्हते. नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतात एकोणिसाव्या शतकात या खेळाला आजचे रूप येऊ लागले तेव्हा बूट चामड्याचे आणि तळ वाकणारे असत. पुढचा भाग फळीला बांधलेला आणि टाच मोकळी. मनुष्य त्याच जोड्यांनी डोंगर चढे आणि त्यांनीच उतरे. पुढे दोराने ओढून वर नेणारे पाळणे आले, चढण्याचे काम उरले नाही आणि उतरण्याचा वेग वाढला. मग टाचही फळीला जखडली गेली. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लांगे यांनी प्लॅस्टिकचा बूट आणला आणि पाहता पाहता चामडे मागे पडले. नडगीला झालेली लहानशी हालचालही खालच्या फळीच्या धारेपर्यंत पोहोचावी, वाटेत कोठे मुरू नये, यासाठी बूट ताठ पाहिजे. तळ वाकला की हुकमत गेली.

परंतु ताठपणाचे याहून महत्त्वाचे कारण दुसरेच आहे. बूट फळीला ज्या खटक्यात अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. खेळाडू पडला आणि पाय पिरगळू लागला, तर ठरावीक जोरानंतर त्या खटक्याने बूट सोडून दिला पाहिजे. नाही तर फळी लांब, तिचा हिसका मोठा, आणि नडगीचे हाड मधल्या मध्ये मोडते. म्हणजे बुटाचा तळ हा चालण्याचा तळ राहिलाच नाही. तो कुलपाची किल्ली झाला. किल्लीचे दाते ज्याप्रमाणे केसभरही चुकून चालत नाहीत, त्याप्रमाणे या तळाची लांबी, जाडी, गुळगुळीतपणा सारे ठरलेले असते. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ५३५५ या क्रमांकाचे. आणि गंमत अशी, की ही किल्ली घालून फरसबंदीवरून चालले तर ती झिजते; झिजली की खटका वेळेवर सोडत नाही, किंवा भलत्याच वेळी सोडतो. म्हणून शहाणे लोक स्कीच्या बुटाखाली रबराचा दुसरा तळ चढवून चालतात. बुटाला बूट! आमच्या त्या विद्यार्थ्याची तक्रार खरी होती.

बर्फात स्वतः चढून जाणाऱ्या गिर्यारोहकांनी हे सोसले नाही. त्यांच्या बुटांना खाली खाचांचे रबर आणि पुढे बाक असतो. त्याचे मानक निराळे, ९५२३ क्रमांकाचे. गेल्या दहा-बारा वर्षांत पाळण्याने वर जाणाऱ्यांसाठीही बाक दिलेले रबरी तळ आले आहेत, त्यांना ग्रिपवॉक म्हणतात. चालणे पुष्कळ सुकर झाले. मात्र हा नवा तळ जुन्या खटक्यात घालता येत नाही. दिसावयास बसतो, 'टक्' असा आवाजही येतो. पण पडण्याच्या वेळी सोडील याची शाश्वती नाही. चालण्याची सोय आणि जखडण्याची सोय यांचा हा तंटा अजून पुरता मिटलेला नाही, आणि मिटेल असे आम्हांस वाटतही नाही. ज्याचे काम धरून ठेवण्याचे, त्याला मोकळे चालणे कसे यावे?

खाचांच्या रबराचा उल्लेख आला म्हणून एक हकीकत सांगून टाकतो. पूर्वी डोंगरात जाणारे चामडी तळाला लोखंडी खिळे ठोकीत. अशा जोड्याने खडक चढवेना, म्हणून अखेरच्या चढणीला ते पातळ तळाचे हलके जोडे घालीत. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये पुंता राझिका या शिखरावर अशी एक मंडळी वादळात सापडली आणि सहा जण दगावले. त्यांचा सोबती विटाले ब्रामानी याने मग असा एकच तळ शोधण्याचा ध्यास घेतला, की जो खडकही धरील आणि थंडीतही पाऊल राखील. १९३७ मध्ये त्याने खोल खाचांचा रबरी तळ सिद्ध केला. त्याच्याच नावाची आद्याक्षरे जोडून झालेले 'विब्रम' हे नाव आज सह्याद्रीत हिंडणाऱ्या पोरांच्या बुटाखालीही वाचावयास मिळते. १९५४ मध्ये के-टू शिखरावर प्रथम पोहोचलेल्या इटालियनांच्या पायी हेच तळ होते.

आता घराकडे वळू. आमच्या माळव्यातील मोजडीत पारंपरिक पद्धतीने डावा-उजवा भेद नसतो. दोन्ही जोडे सारखेच सरळ. पायांनीच त्यांना काही दिवसांत आपले वळण लावावयाचे. कोल्हापुरी वहाणेचेही काहीसे असेच. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले जाड कातडे, थरावर थर, आणि शिवण कातडी वादीची. खिळ्याचे काम नाही. नवी असताना ती लाकडासारखी ताठ, अंगठ्याला चावणारी. तेल पाजून, महिनाभर सोसून, मग ती त्या माणसाच्या तळव्याचा ठसा घेते आणि चवड्यापाशी वाकू लागते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांच्या नावे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने तिच्यासारखीच वहाण स्वतःची म्हणून मांडली, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे वाचकांना स्मरत असेलच. कौतुक योग्यच आहे. पण प्रेमाने पाहताना तळाचे गुणदोष नजरेआड करू नयेत. हा तळ कोरड्या, मातीच्या वाटेसाठी जन्मला. पाणी त्याला सोसत नाही, आणि ओल्या फरशीवर किंवा संगमरवरावर तो निसरडा होतो. लग्नसमारंभात हौसेने नवी कोल्हापुरी घालून मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत पायऱ्या उतरणारे आजोबा दिसले की आमचा जीव वरखाली होतो.

आजोबांचा विषय निघाला, आणि खरे तर येथवर आलो ते यासाठीच. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ मध्ये पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद आले. जन्म आपल्याच देशातला, तमिळ मुलखातील कोल्ली डोंगरातला. त्या काळी कुष्ठरोग्याची बोटे रोगानेच झडतात असा समज होता, डॉक्टरांचाही होता. ब्रँड यांनी बारकाईने पाहून दाखवून दिले, की रोगाने मज्जातंतू मरतात, वेदना जाते, आणि वेदना गेली की मनुष्य आपल्याच अवयवांची नासाडी करतो. खिळा रुतला तरी तो चालत राहतो, फोड आला तरी लंगडत नाही. आपण लंगडतो तेव्हा वेदना आपल्याला वाचवीत असते. ज्याला ती नाही त्याच्या चवड्याखालची जखम रोज हजारो पावलांनी रगडली जाते आणि कधीच भरत नाही.

मग औषध काय? पुष्कळसे औषध तळातच होते. आत सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा थर, की ज्यायोगे भार सगळ्या तळव्यावर पसरावा. बाहेर टिकाऊ तळ, पुष्कळदा मोटारीच्या टायरचा. खिळा एकही नाही, कारण तो वर आला तरी कळणार नाही. आणि टाचेमागे पट्टा, कारण वहाण गळून पडली तरी तेही कळणार नाही. जेथे चवड्याखाली जखम वारंवार होई, तेथे तळ मुद्दाम ताठ ठेवून त्याला खाली बाक देत. बोटे वाकावयाची नाहीत, पाऊल त्या बाकावरून लवंडावयाचे. म्हणजे शेवटच्या रेट्याचा भार त्या दुखऱ्या जागी एकवटत नाही. वाचकांच्या लक्षात आले असेल, की आल्प्समधल्या श्रीमंती खेळाने बुटाला जो बाक देऊन चालणे सुकर केले, तोच बाक वेल्लोरच्या चर्मशाळेत एका तळव्याचे रक्षण करीत होता. दोहोंचे गणित एकच.

वऱ्हाडात अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी आणि चंद्रपूर जिल्ह्यात आनंदवनात बाबा आमट्यांनी जे केले ते मराठी घरांत सर्वश्रुत आहे. बाबांच्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. पुढे ते आमच्या बाजूस, नर्मदाकाठी बडवानीजवळ कसरावदला, कित्येक वर्षे राहिले. एक गोष्ट मात्र कमी बोलली जाते. त्या सुरक्षित वहाणा पुष्कळ रोगी घालीत नसत. कारण असे, की त्या वहाणा ओळखू येत. रस्त्याने चालताना ती विशिष्ट वहाण पाहिली की लोक बाजूस सरत. पाय वाचवावा तर माणसांत जाता येत नाही, माणसांत जावे तर पाय जातो. पुढे कार्यकर्त्यांनी त्याच वहाणांना बाजारातल्या चपलांचे रूप दिले तेव्हा त्या वापरात येऊ लागल्या. जोड्याचा वरचा भाग निरुपयोगी शोभा आहे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले आणि तेथे त्यांचे हेच ज्ञान दुसऱ्या रोग्यांच्या कामी आले. ते रोगी मधुमेहाचे. मधुमेह जुना झाला की पुष्कळांच्या तळव्यांची संवेदना अशीच हळूहळू मावळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे. पोहे-जिलबीच्या या आमच्या शहरात, आमच्या ओळखीच्या मराठी घरांपैकी ज्या घरात एकही मधुमेही नाही असे घर आठवावयास आम्हांस थोडा वेळ लागतो.

आमच्या परिचयातील एक निवृत्त गृहस्थ. नेमस्त, शिस्तीचे, पहाटे फिरावयास जाणारे. एके दिवशी फिरून आले, आंघोळीस गेले, आणि मागून सूनबाईंनी दिवाणखान्याची फरशी पाहिली तो दारापासून मोरीपर्यंत उजव्या पायाचे रक्ताचे ठसे. चपलेच्या तळातून काचेचा तुकडा आरपार गेला होता आणि ते तसेच दीड मैल चालत आले होते. "मला काही झालेले नाही, सूनबाई, उगीच गडबड करू नकोस," असे ते म्हणत होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. दोन महिन्यांनी अंगठा काढावा लागला. त्यांची चपल आम्ही पाहिली. बारीक पट्ट्यांची, शोभिवंत, घरात सगळ्यांनी मिळून वाढदिवसाला दिलेली. तळ करंगळीच्या नखाएवढा जाड.

या गृहस्थांना कोणी कधी तळव्याची परीक्षा केली नव्हती. ती परीक्षा अगदी सोपी आहे. ठरावीक जाडीचा नायलॉनचा धागा असतो. तो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या तळव्याला तो निरनिराळ्या जागी टेकवून, "आता लागला का?" एवढेच विचारावयाचे. ज्याला तो कळत नाही त्याच्या तळव्याचा पहारेकरी झोपला आहे असे समजावे. मधुमेही व्यक्तीची ही परीक्षा डॉक्टरांकडून वर्षातून एकदा तरी करवून घेतली पाहिजे. ते आपणहून करीत नसतील तर आपण मागणी करावी. त्यात संकोच कसला?

आपल्या घरांत अडचण आहे ती रूढीची. चपला उंबऱ्याबाहेर, हा आपला नियम उत्तम आहे. स्वच्छतेला धरून आहे. परंतु ज्यांचा तळवा बधिर आहे त्यांच्यासाठी घरात वापरावयाची निराळी, धुतलेली, मागे पट्टा असलेली वहाण असावी आणि ती त्यांनी स्वयंपाकघरापर्यंत नेली तरी कोणी नाक मुरडू नये. देवस्थानांचा प्रश्न अधिक नाजूक. येथून खजराण्याच्या गणपतीला अनवाणी जाणारे कितीतरी भाविक आहेत. उज्जैन, ओंकारेश्वरही आहेतच. चैत्र-वैशाखात दुपारी दगडी फरशी तापून इतकी कढत होते, की धडधाकट पोरेही चवड्यांवर उड्या मारीत सावली गाठतात. बधिर तळव्याचा मनुष्य उड्या मारीत नाही, तो सावकाश, शांतपणे प्रदक्षिणा पुरी करतो, आणि फोड संध्याकाळी दिसतात. अशांनी पहाटे दर्शनास जावे, पायांत जाड सुती मोजे घालावेत. यात भक्तीला उणेपणा येतो असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

शेवटी खरेदीविषयी, कारण वाचक भगिनी विचारतीलच. जोडा संध्याकाळी घ्यावा. दिवसभरात पाऊल थोडे फुगलेले असते. कागदावर उभे राहून पावलाची बाह्यरेषा काढावी, ती कापून जोड्यात घालून पाहावी. कागद कडेने दुमडला तर जोडा अरुंद आहे. नंतर जोडा दोन्ही हातांत धरून वाकवावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. मधोमध घडी पडणारे स्वस्त जोडे आमच्या शाळेत पुष्कळ मुलांच्या पायांत दिसतात. कवायतीच्या मैदानावर ती मुले सर्वांत आधी थकतात, आणि शिक्षक त्यांना आळशी म्हणतात. ज्यांच्या पायास एकदा जखम होऊन गेली आहे, त्यांनी मात्र बाजारातला जोडा न घेता बाक दिलेला ताठ तळ डॉक्टरांच्या सल्ल्याने करवून घ्यावा. मोठ्या शहरांतील मधुमेहाच्या दवाखान्यांत अशी सोय असते. आणि जोडा घालण्यापूर्वी, रोज, न चुकता, तो उलटा करून झटकावा आणि आत हात घालून पाहावे. ज्यांचे डोळे अधू आहेत त्यांच्यासाठी हे काम घरातल्या नातवाकडे सोपवावे. मुले असली कामे फार आवडीने करतात, आणि जोड्यातून आजवर गोट्या, पेन्सिलीचे तुकडे, सुपारी आणि एकदा आजीचा हरवलेला चष्म्याचा स्क्रू निघाल्याचे आम्हांस सांगण्यात आले आहे.